नदी कुठे आहे

मी लिहिलं होतं :
‘डोंगराळ भागातलं पारंपरिक साखळीनृत्य.
गती डावीकडे.’
पोस्टकार्डाएवढं कार्ड, कोपऱ्यात संग्रहालयाचा शिक्का.

वेलिच्कोने ते उन्हात धरलं.
चष्मा कपाळावरच, म्हणजे वाचत नव्हता तो,
वजन करत होता.
‘कुठला डोंगर?’
रोडोपी, म्हटलं.
‘रोडोपीत लांडगेसुद्धा चुकतात, पोरी.’

मग काठीने दाखवलं.
हा ओढा.
अल्याडचं आमचं प्रिसोये, उन्हाकडचं.
पल्याडचं ओसोये, सावलीतलं.
आमच्या चेरी पाखरांनी खाऊन झाल्या
की त्यांच्या झाडांना फूल येतं.
त्यांच्या पोरी आमच्याकडे नांदतात,
आमची एकही तिकडे टिकली नाही.
‘जा, त्यांना विचार डावीकडे कशी ती.’

पूल नव्हता, दोन ओंडके होते.
ओसोयेत द्रागिन्का बटाटे निवडत बसली होती.
तशाच मातीच्या हातांनी उठली,
शेजारणीचं मनगट धरलं,
आणि पावलं टाकली.
तीच. तीन पुढे, एक अडखळ, एक मागे.
पण उजवीकडे.

मी दोनदा विचारलं.
तिने दोनदा नाचून दाखवलं,
दुसऱ्यांदा जरा रागाने.

परतले तर वेलिच्को हसत नव्हता,
ही त्याची भलाई.
‘डावं-उजवं शिपायांसाठी.
आमचा पाय उगमाकडे जातो.
ओढ्याकडे तोंड करून उभी राहा.
इथून उगम कुठल्या हाताला?
आणि तिथून?’

का, म्हणून वही उघडली.
वाटलं, आता पूर्वज येतील, एखादी देवी येईल,
शाई संपेपर्यंत लिहावं लागेल.
‘वारा वरून येतो,’ तो म्हणाला.
‘मिन्योचा बाप मशक घेऊन वरच्या दगडावर बसायचा.
सूर खाली वाहत यायचा.
सुराकडे पाठ करून कोण नाचतं?’

‘आणि ती अडखळ?’
त्याचं उत्तर नाही दिलं.
खळ्यावर नेलं. सोळा पावलं रुंद,
खालची कड ढासळलेली, तिथे आता नेटल्स माजलेली.
‘चाल.’
तीन पावलं गेले
आणि चौथ्याला माझ्या बुटाला दगड लागला,
गुळगुळीत, बशीएवढा,
कित्येक टाचांनी झिजवलेला
आणि तरीही जागचा न हललेला.

रात्री नवीन टिपण लिहिलं.
ओढा लिहिला, त्याचे दोन काठ,
वाऱ्याची वेळ, खळ्याची रुंदी, तो दगड.
नाच शेवटच्या दोन ओळींत आला,
जसा तिथे येतो, सगळं काम झाल्यावर.

काराजोवा बाईंनी शब्द मोजले.
‘वीस हवेत. हे तर जमिनीचं खरेदीखत झालं.’
मी म्हटलं, हो.
त्यांनी चहा मागवला. भांडण तिथेच राहिलं,
अजून आहे.

प्लोव्हदिवला महोत्सव होता.
सभागृहात पोरं रांगेत उभी,
इस्त्रीचे शर्ट, नवे पट्टे,
मागे पडद्यावर रंगवलेले डोंगर,
कुठलेही.
नृत्यशिक्षक सांगत होता :
तीन पुढे, आगीच्या दाराकडे.

एक पोरगी अडखळ फार नेटकी घेत होती,
चौथ्या पावलाला, सपाट फळीवर,
काहीही नसताना.
मला तिला ते सांगायचं होतं. कसं सांगावं कळेना.

शिडीवर एक माणूस दिवे बसवत होता.
त्याला विचारलं, नदी कुठे आहे?
त्याला वाटलं मी बाहेरगावची, वाट चुकलेली.
स्क्रू-ड्रायव्हरने दाखवलं :
मारित्सा ना, त्या तिकीटखिडकीच्या मागे.
‘आणि वाहते कुठून?’

तो थांबला.
जन्म गेला होता त्याचा त्या गावात.
डोळे मिटून हात असा फिरवला हवेत,
जणू पाण्याला थोपटतोय,
मग म्हणाला, तिकडून.

मी रांगेकडे वळले.
‘पोरांनो, जरा तोंडं फिरवा.’